पुस्तकाची नक्कल आणि विद्यापीठाचा नियम : एक ऐतिहासिक आढावा

गेल्या जुलै महिन्यात आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला लागलेला. वडील भंडाऱ्यातच भांड्यांच्या दुकानात कामाला. त्यांच्या हातात महाविद्यालयाने दिलेला एक छापील अर्ज होता. महाविद्यालयाचे वाय-फाय वापरावयाचे असेल तर तो भरून द्यावयाचा, खाली विद्यार्थ्याची सही आणि त्याखाली पालकाची. सात-आठ कलमे होती. त्यातील एक असे की, या जोडणीवरून कॉपीराइटचा भंग होईल असे काहीही मी डाउनलोड करणार नाही व इतरांस देणार नाही. तसे झाल्यास जोडणी बंद होण्यास, शिस्तभंगाच्या व कायदेशीर कारवाईस मी पात्र राहीन. वडिलांनी मला एवढेच विचारले, "सर, सही तर करून देतो, पण पोरगा यात फसणार तर नाही ना?"

मी इतिहास शिकवतो, वकील नाही. तरी प्रश्न मनात राहिला, कारण तो एका घरचा नव्हता. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि तुमसर, साकोली, पवनी, लाखनीकडून येणाऱ्या मुलामुलींच्या हातात आज पुस्तकापेक्षा मोबाइल अधिक आहे. त्या एका कलमामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पालकांना ठाऊक असावा असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

छापखाना येण्यापूर्वी पुस्तकाची नक्कल करणे हे कष्टाचे आणि मानाचे काम होते. कातिब महिनोन् महिने बसून ग्रंथ उतरवून काढी. मदरशांतून उस्तादाजवळ ग्रंथ वाचून झाला म्हणजे तो पुढे शिकविण्याची लेखी परवानगी शिष्याला मिळे, तिला इजाजा म्हणत. ही परवानगी पैशाची नव्हती. ग्रंथात चूक न होता तो पुढे जावा, आणि कोणाकडून कोणाकडे गेला हे कळावे, एवढाच तिचा हेतू. आजच्या कॉपीराइटचा उगम मात्र निराळा आहे. तो छापखान्याबरोबर आला, आणि त्यात प्रकाशकाने घातलेल्या भांडवलाचा प्रश्न पहिल्यापासून होता.

आपल्या देशात असा पहिला कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात, १८४७ साली झाला. लेखकाच्या हयातीत व पुढे ७ वर्षे, किंवा प्रकाशनापासून ४२ वर्षे, अशी हक्काची मुदत त्यात होती. या कायद्याखालील एक खटला आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. दिल्लीचे शम्सुल उलमा मुन्शी झकाउल्ला (१८३२-१९१०) हे जुन्या दिल्ली कॉलेजचे विद्यार्थी आणि गणितज्ञ मास्टर रामचंद्रांचे शिष्य. पुढे अलाहाबादच्या म्युर सेंट्रल कॉलेजात ते अध्यापक झाले. गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकता आले पाहिजे या एका ध्यासापायी त्यांनी आयुष्यभर पुस्तके लिहिली आणि भाषांतरे केली. इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या या भाषांतरांवरून लंडनच्या मॅकमिलन कंपनीने त्यांच्यावर मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८९५ च्या सुमारास निकाल झाला तो मुन्शीजींच्या बाजूने. भाषांतर म्हणजे नक्कल नव्हे, त्या वेळच्या कायद्याने भाषांतराला मनाई केलेली नाही, असे कोर्टाने धरले.

या निकालाचे महत्त्व थोडके नाही. ज्या मुलाला इंग्रजी येत नव्हते त्याच्यासाठी बीजगणिताचे दार उघडे राहिले. उलट बाजूही पाहिली पाहिजे. मूळ पुस्तक लिहिणाऱ्याला या भाषांतरातून काही मिळाले नाही. ही दोन्ही माणसे खरी आहेत, शिकू पाहणारा मूलगाही आणि लिहिणारा लेखकही, आणि पुढील सगळा इतिहास या दोघांमधील ओढाताणीचा आहे.

१९१४ च्या कायद्याने ती मोकळीक आखडली. भाषांतराचा हक्क लेखकाकडे आला. मात्र येथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या बाबतीत तो १० वर्षांपुरताच ठेवला. त्या काळात तोडीस आलेला आणखी एक मुंबईचा खटला वकिली पुस्तकांत आजही सापडतो. प्लुटार्कने लिहिलेल्या सिकंदराच्या चरित्राचे नॉर्थ यांनी केलेले जुने इंग्रजी भाषांतर संक्षिप्त करून, टिपा जोडून, मॅकमिलनने शाळांसाठी छापले होते. मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांनी तसेच पुस्तक काढले. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. जुन्या भाषांतरातील उतारे नुसते निवडून जोडले म्हणून त्यांवर नवा हक्क उत्पन्न होत नाही, परंतु संपादकाने स्वतःच्या अभ्यासाने लिहिलेल्या टिपा मात्र त्याच्या श्रमाच्या आहेत आणि त्या उचलणे हा भंग होय, असा निर्णय झाला. परीक्षेच्या गाइडांवर जगणाऱ्या आपल्या पिढीने हा भेद ध्यानात घ्यावा. सिकंदर कोणाच्या मालकीचा नाही. त्यावर लिहिलेली टीप मात्र कोणाची तरी असते.

स्वातंत्र्यानंतर १९५७ चा कायदा आला. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आहे आणि अनेक दुरुस्त्यांनिशी आजही तोच चालतो. त्यातील ५२ वे कलम प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावे. कोणत्या गोष्टी भंग ठरत नाहीत, याची ती यादी आहे. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, अभ्यास-संशोधनासाठी केलेला वाजवी वापर भंग नाही. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली नक्कल भंग नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा दिला, उत्तरात तो उतरवला, तर तोही भंग नाही. अर्जावर सही घेताना यातले एक अक्षर त्या मुलाला कोणी सांगितले नव्हते.

विद्यापीठ म्हटले म्हणजे ते नेहमी वाचकाच्याच बाजूला असते असेही नाही. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली वारले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ५० वर्षांनी, १९९१ अखेर, त्यांचे साहित्य सर्वांना खुले व्हावयाचे होते. त्यांच्या पुस्तकांचे हक्क त्यांनीच स्थापिलेल्या विश्वभारती विद्यापीठाकडे होते. मुदत संपत आली तेव्हा सरकारने प्रथम वटहुकूम काढून आणि मग १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षे केली, आणि टागोरांचे साहित्य २००१ अखेरपर्यंत बंद राहिले. ही मुदतवाढ एकट्या टागोरांपुरती नव्हती, सर्वच लेखकांना लागू झाली. म्हणून साने गुरुजींचे (मृत्यू १९५०) साहित्य २०११ पासून, आणि १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे (मृत्यू १९५६) त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०१७ पासून खुले झाले. ते कोणीही छापावे, डाउनलोड करावे, मित्राला पाठवावे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या पुस्तकांना २०२९ संपेपर्यंत थांबावे लागेल. लेखकाच्या मृत्यूचे साल पाहण्याची ही साधी सवय मुलांना लावता येते.

आता झेरॉक्सकडे येतो. मी बी.ए. केले ते झेरॉक्सवर, हे कबूल केले पाहिजे. वर्गात ऐंशी मुले आणि ग्रंथालयात संदर्भग्रंथाची एक प्रत, तीही बाहेर न मिळणारी. महाविद्यालयाजवळच्या दुकानात कोणीतरी आधीच प्रत करवून ठेवलेली असे, तिच्यावरून आम्ही प्रती काढत गेलो. तिसऱ्या पिढीची ती प्रत इतकी पुसट असे की तळटीप वाचता येत नसे. हे बरोबर की चूक असा विचार तेव्हा मनात आला नाही. दुकानदाराच्याही नाही.

हाच प्रश्न २०१२ साली दिल्ली विद्यापीठात उभा राहिला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे एक दुकान होते. प्राध्यापकांनी अभ्यासक्रमासाठी निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणे नेमून दिली होती. त्यांच्या प्रती एकत्र बांधून तेथे विद्यार्थ्यांना मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दुकानदारावर आणि विद्यापीठावर दिल्ली हायकोर्टात दावा लावला आणि ६० लाख रुपयांची भरपाई मागितली. दुकानावर मनाईहुकूम आला. पुढे जे झाले ते आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचण्यासारखे आहे. मुलांनी आणि अध्यापकांनी संघटना करून आपणांस खटल्यात पक्षकार करून घेतले. ज्यांच्या पुस्तकांची प्रकरणे त्या प्रतींत होती अशा लेखकांपैकी कित्येकांनी हा दावा आम्हांला मान्य नाही असे लिहून कळविले. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना पत्र पाठविले.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, ज्ञानाची वाढ व्हावी म्हणून समाजाने कायद्याने दिलेला तो हक्क आहे, अशा आशयाचे त्यांचे विवेचन होते. अध्यापनाचा ओघ म्हणजे केवळ वर्गातील पाऊण तास नव्हे. त्यासाठी नेमलेले वाचनही त्यात येते, असा अर्थ त्यांनी लावला. त्याच वर्षी डिसेंबरात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा अर्थ मूलतः मान्य केला, मात्र ती प्रकरणे अभ्यासासाठी खरोखर आवश्यक होती काय, हे पुराव्यावर तपासावे म्हणून प्रकरण परत पाठविले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. हा निकाल म्हणजे कुठलेही पुस्तक आख्खे छापून विकण्याचा परवाना नव्हे. शिक्षकाने नेमलेले, अभ्यासापुरते, या दोन शब्दांवर तो उभा आहे.

येथवर कागद होता. कागदाच्या नक्कलेला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि प्रत पुसट होत जाते. संगणकाच्या जाळ्यावर यातले काहीच उरत नाही. एक फाइल एका मुलाकडून हजारांकडे क्षणात जाते आणि हजारावी प्रत पहिल्याइतकीच स्वच्छ. म्हणून प्रकाशकांचे आणि गाणी-चित्रपटवाल्यांचे लक्ष विद्यापीठांकडे गेले, कारण वेगवान जोडणी आणि रिकाम्या खिशाची तरुण मुले ही दोन्ही तेथे एकत्र सापडतात.

सुरुवात अमेरिकेत झाली. तेथील १९९८ च्या कायद्याने जोडणी पुरविणाऱ्या संस्थेला संरक्षण दिले. अट एवढीच की, तक्रार आली की तिने दखल घ्यावी आणि वारंवार भंग करणाऱ्याची जोडणी तोडण्याचे धोरण ठेवावे. पुढच्याच वर्षी शॉन फॅनिंग या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने गाणी परस्परांत वाटण्याचे नॅपस्टर सुरू केले आणि वसतिगृहांतून त्याचा पूर आला. २००१ साली न्यायालयांनी ते बंद पाडले, तरी पूर ओसरला नाही. एप्रिल २००३ मध्ये गाण्यांच्या कंपन्यांच्या संघाने तीन विद्यापीठांतील चार विद्यार्थ्यांवरच दावे लावले. एकेकाला १२ हजार ते साडेसतरा हजार डॉलर देऊन सुटका करून घ्यावी लागली. बोस्टन विद्यापीठाचा जोएल टेननबॉम तडजोडीला तयार झाला नाही. २००९ साली ज्यूरीने ३० गाण्यांसाठी त्याच्यावर ६ लाख ७५ हजार डॉलरची भरपाई बसविली. २००८ च्या कायद्याने तर विद्यार्थ्यांना कॉपीराइटची माहिती देणे आणि भंग रोखण्याची योजना ठेवणे तेथील विद्यापीठांवर बंधनकारकच झाले. आज आपल्याकडे जे अर्ज भरून घेतात त्यांची भाषा बरीचशी त्याच वळणाची आहे.

त्या देशातील एक हकीकत मात्र केवळ गाण्यांची नाही. ॲरन स्वार्ट्झ हा विलक्षण बुद्धीचा तरुण. २०१० च्या अखेरीस त्याने एमआयटी या विद्यापीठाच्या जाळ्यावरून जेस्टोर या संग्रहातील लाखो शोधनिबंध उतरवून घेतले. जानेवारी २०११ मध्ये त्याला अटक झाली. त्याच्यावरील आरोप कॉपीराइटच्या भंगाचे नव्हते, संगणकात अनधिकृत प्रवेश आणि फसवणूक यांचे होते, आणि त्यांत अनेक वर्षांची कैद संभवत होती. जेस्टोरने पुढे प्रकरण वाढवायचे नाही असे ठरविले. विद्यापीठ तटस्थ राहिले. सरकारी वकिलांनी खटला सोडला नाही. ११ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने आपले जीवन संपविले. विद्यापीठाने नंतर स्वतःच्या वागण्याची चौकशी करवून अहवाल प्रसिद्ध केला. आपल्याच जाळ्यावर सापडलेल्या मुलाच्या बाबतीत विद्यापीठाने नुसते तटस्थ राहावे काय, हा प्रश्न मला त्या अहवालाने मिटलेला दिसत नाही.

आपल्याकडे २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१३ मध्ये नियम आले. त्यांप्रमाणे हक्कदाराने लेखी तक्रार दिली की जोडणी किंवा जागा पुरविणाऱ्याने, तक्रारीत तथ्य वाटल्यास, ३६ तासांच्या आत तो मजकूर बंद करावयाचा. आणि २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलमही जोडणी पुरविणाऱ्याला सशर्त संरक्षण देते. विद्यापीठ किंवा महाविद्यालय मुलांना वाय-फाय देते तेव्हा ते अशा मध्यस्थाच्या जागी येऊन बसते. तेव्हा त्या अर्जाचा पहिला उपयोग संस्थेला आहे. आम्ही मुलाला बजावले होते, असे तिला दाखविता येते. यात वावगे काही नाही, पण पालकांनी हे समजून सही करावी.

पालकांना आणखी एक कल्पना असावी. मुलगा स्वतःच्या नावाने किंवा मोबाइल क्रमांकाने जोडणीत शिरतो, त्या क्षणी त्याच्या यंत्राला एक क्रमांक मिळतो, आणि कोणत्या वेळी कोणता क्रमांक कोणाकडे होता याची नोंद संस्थेच्या संगणकात राहू शकते. बाहेरून तक्रार येते ती संस्थेच्या नावाने. आतल्या मुलापर्यंत ती या नोंदीवरून पोहोचते. म्हणून आपला पासवर्ड मित्राला देणे म्हणजे आपली सही त्याला देणे होय. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात नवा चित्रपट टाकणारा मुलगा आणि शिक्षकाने नेमलेले प्रकरण वाचणारा मुलगा यांच्यात कायदा फरक करतो. अर्जातले कलम करत नाही. जाणूनबुजून केलेल्या भंगाला ६३ व्या कलमाखाली ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायद्यासाठी नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. तरी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरविला आहे, हे विसरून चालणार नाही.

वाचनाच्या भुकेने आडवाट धरणाऱ्यांची संख्या आपल्या देशात मोठी आहे. साय-हब नावाच्या संकेतस्थळावर, कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान हिने २०११ पासून, लाखो शोधनिबंध फुकट ठेवले. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०२० च्या डिसेंबरात दिल्ली हायकोर्टात दावा लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ देशात बंद करण्याचा हुकूम झाला. दुसरीकडे सरकारने 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके. पण सुरुवातीला ही सोय केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांपुरती आहे, आणि ती शोधनिबंधांची आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे पाठ्यपुस्तक तीत मिळत नाही. म्हणजे अर्जावर ज्याची सही घेतली त्या मुलाचा प्रश्न जागच्या जागी राहिला.

माझे म्हणणे इतकेच की, त्या अर्जाच्या पाठीमागची बाजू कोरी होती, ती कोरी ठेवू नये. काय करू नये हे पुढे छापले आहे. काय करता येते हे मागे छापावे. ५२ वे कलम चार सोप्या ओळींत देता येईल. खरगपूरच्या आयआयटीने चालविलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, गांधीनगरचे शोधगंगा, इग्नूची ई-ज्ञानकोशावरील पाठ्यपुस्तके, बालभारतीची पुस्तके, ही सगळी उघडी आहेत. (बालभारतीचे पुस्तक फुकट वाचता येते याचा अर्थ ते छापून विकता येते असा नाही, हेही तेथेच सांगावे.) आणि तक्रार आल्यास मुलाचे म्हणणे कोण ऐकून घेणार, त्या अधिकाऱ्याचे पद तेथे लिहावे. एवढी मागणी पालक सभेत करता येते.

त्या दिवशी आम्ही तिघांनी बसून मुलाची पुस्तकांची यादी पाहिली. पाच पुस्तके होती. दोन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होती, त्याने कपाट उघडून पाहिलेच नव्हते. तिसऱ्यातील विषय ई-ज्ञानकोशावर नीट दिलेला निघाला. चौथ्याची दोनच प्रकरणे प्राध्यापकांनी नेमली होती. त्यांची झेरॉक्स त्याने काढून घेतली. वडिलांनी सही केली. पाचव्या पुस्तकाची किंमत साडेआठशे रुपये आहे. दिवाळीनंतर नागपूरला जाणे होईल तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मी ते पाहणार आहे.